एका रात्रीचे दहा हजार आठशे श्वास

विश्रांतवाडीच्या वाट्याला विश्रांती आली ती फक्त नावात. आळंदी रस्त्याची वर्दळ रात्री अकरानंतरही पुरती ओसरत नाही, लोहगावहून उठलेली विमानं डोक्यावरून जातात, आणि आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्यात शिरते तीही याच रस्त्याने. या सगळ्या गलबल्यात लहान मुलं मात्र बिनघोर झोपतात. बिनघोर हा शब्द चुकला म्हणा, कारण गोष्ट घोरण्याचीच आहे.

समजा, धानोरी रस्त्यावरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सहा वर्षांचा एक मुलगा झोपला आहे. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, उशी घामाने ओली. घोरतोय. आजी कौतुकाने म्हणते, "अगदी आजोबांवर गेलाय." आई मोबाइलच्या उजेडात त्याची छाती वरखाली होताना बघते. मध्येच आवाज थांबतो. छाती हलतेय, पण आवाज नाही. मग एकदम खसकन श्वास आत ओढला जातो, मुलगा कूस बदलतो आणि घोरणं पुन्हा सुरू. आई मनाशी म्हणते, थांबला होता का श्वास? की मलाच तसं वाटलं?

या एका प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मिळवायला काय काय लागतं, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. मांडता मांडता आकडे हाताबाहेर गेले.

रात्री नऊ ते सकाळी सहा, म्हणजे नऊ तास. या वयाचं मूल झोपेत मिनिटाला साधारण २० श्वास घेतं. ५४० मिनिटांचे झाले १०,८००. म्हणजे १०८ मण्यांच्या बरोबर शंभर माळा. योगाच्या परंपरेत माणसाचे दिवसरात्रीचे श्वास २१,६०० मोजले आहेत, मिनिटाला पंधरा या हिशेबाने. हा पठ्ठ्या त्याच्या निम्मे नुसत्या झोपेत उरकतो.

आता या शंभर माळांमधले किती मणी गळाले तर डॉक्टरांनी काळजी करायची? मोठ्या माणसाचा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला, तर ती एक नोंद धरतात. मुलांसाठी सेकंदांचा नियमच नाही. दोन श्वासांइतका वेळ गेला की नोंद झाली. मिनिटाला २० श्वास म्हणजे एका श्वासाला तीन सेकंद, तेव्हा या मुलाची मर्यादा सहा सेकंदांची. आजोबांच्या बाबतीत आठ सेकंदांचा अडथळा मोजलाही जाणार नाही, नातवाच्या खात्यावर तोच जमा होतो. आणि आजोबांना ताशी पाचपर्यंत नोंदी माफ असतात. नातवाला एक. ताशी एकापेक्षा जास्त झाल्या, की तो झोपेतला श्वासरोध. एक ते पाच सौम्य, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर गंभीर.

पूर्ण नऊ तास झोप लागली आणि प्रत्येक नोंद कमीत कमी लांबीची, म्हणजे दोनच श्वासांची होती, असं धरू. मग सीमारेषेवर नऊ नोंदी, अठरा श्वास. १०,८०० पैकी अठरा म्हणजे सहाशेत एक. वेळेत मोजलं तर ३२,४०० सेकंदांत ५४ सेकंद. एवढं बारीक काहीतरी नेमकं पकडायचं, तेही पोराची झोप न मोडता. आईला अंधारात बसून हे कळणं कठीण आहे, कारण घोरण्याच्या आवाजावरून काहीच ठरत नाही. मोठ्याने घोरणाऱ्या बऱ्याच मुलांचा श्वास अडत नसतो, आणि हळू घोरणाऱ्या काहींचा अडत असतो. अनुभवी डॉक्टरांनाही नुसती हकीकत ऐकून आणि घसा पाहून दोघांतला फरक भरवशाने सांगता येत नाही. म्हणून तर रात्रभराची तपासणी.

अडतं कुठे, हेही सांगायला हवं. घशाच्या दोन बाजूंना टॉन्सिल आणि नाकामागे अडेनॉइडची गाठ. दोन ते आठ या वयात या गाठी श्वासमार्गाच्या मानाने सर्वात मोठ्या असतात. गाठींची वाढ आधी होते आणि घसा मागाहून रुंदावतो. जागेपणी घशाचे स्नायू मार्ग ताणून उघडा ठेवतात, झोपेत ते सैलावतात. इथे भौतिकशास्त्राचा एक निर्दय नियम लागू होतो. अरुंद नळीतून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा रोध त्रिज्या घटेल तसा तिच्या चौथ्या घाताने वाढतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर रोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, सोळापट होतो. चार मिलिमीटरच्या त्रिज्येतला एकच मिलिमीटर सर्दीने सुजून गेला, तरी रोध तिपटीवर जातो. खरा घसा काही सरळ गुळगुळीत नळी नसतो आणि घोरताना हवा संथही वाहत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हा हिशेब आणखी वाईटाकडे झुकतो.

मुलाचं तोंड उघडं राहतं आणि अभ्यासात लक्ष लागत नाही, यांचा काही संबंध असावा ही शंका जुनी आहे. विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरांनी १८८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या "मागासलेपणाच्या आणि मठ्ठपणाच्या" काही कारणांवर लेख लिहिला, त्यात हे होतं. शब्द त्या काळचे, त्यामुळे कानाला खुपतात. पण झोपलेल्या मुलाच्या आत काय चाललंय ते बघायचं साधन तेव्हा नव्हतं. ते आलं एका बापाच्या हट्टातून. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपेवर काम करत होता. डिसेंबर १९५१ मध्ये त्याने एका जुनाट यंत्राच्या तारा चिकटवल्या त्या आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला. रात्रभर शेजारी बसून त्याने कागदावर पेनं हलताना पाहिली, आणि मुलगा गाढ झोपेत असताना त्याचे डोळे मात्र पापण्यांखाली भराभर फिरताना त्याला दिसले. झोपेची ही वेगळी अवस्था १९५३ मध्ये जगापुढे आली. मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारे हान्स बर्गर यांनीही १९२०च्या दशकात स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावर बरेच प्रयोग केले होते. शास्त्रज्ञांच्या पोरांनी विज्ञानासाठी काय काय सोसलं, यावर कोणीतरी एकदा लिहायला हवं.

मुलांमधला श्वासरोध पद्धतशीरपणे नोंदला गेला तो त्याहून पुढे, १९७६ मध्ये. स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन गीयेमिनो आणि सहकाऱ्यांचा तो निबंध. त्यात मुलं किती होती? आठ. हा आठचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तपासणीची खोली. मुलाच्या डोक्यावर मेंदूच्या आलेखाच्या सहा वाहिन्या, डोळ्यांच्या दोन, हनुवटीची एक, हृदयाची एक, पायांच्या दोन, घोरण्याच्या आवाजाची एक. नाकाशी हवेचा दाब मोजणारी बारीक नळी आणि श्वासाची ऊब ओळखणारा सेन्सर. छातीवर एक पट्टा, पोटावर एक. बोटाला ऑक्सिजनची क्लिप. शिवाय कर्बवायू मोजायची सोय, आणि वर अंधारात पाहणारा कॅमेरा. एवढं सगळं चिकटवायला पाऊण तास सहज जातो, तोही मूल शहाणं असेल तर. कार्टून लावून, गोष्टी सांगून, बाहुलीच्या डोक्याला आधी दोन तारा लावून दाखवून हे काम होतं. आई शेजारच्या खाटेवर.

दोन पट्टे कशाला, असं वाटेल. खरी करामत त्यांच्यातच आहे. घसा मोकळा असला की छाती आणि पोट एकदम फुगतात. घसा बंद पडला की हवा आत येत नाही, पण शरीर ओढत राहतं. मग पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते. आलेखावर दोन रेषा एकमेकींविरुद्ध चालू लागतात. आणि मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम सुटला नाही, तर दोन्ही रेषा सपाट. घसा अडला की हुकूम चुकला, हे या दोन पट्ट्यांवरून कळतं. पहिल्यावर शस्त्रक्रिया चालते, दुसऱ्यावर नाही.

तंत्राच्या नियमावलीनुसार मेंदू, डोळे, स्नायू, हृदय आणि घोरणं यांच्या वाहिन्या सेकंदाला शक्यतो ५०० वेळा मोजाव्यात. हवा आणि पट्टे सेकंदाला १०० वेळा, ऑक्सिजन २५ वेळा. वर मोजलेल्या तेरा वाहिन्यांचे ६,५००, हवेच्या दोन आणि पट्ट्यांच्या दोन मिळून ४००, ऑक्सिजनचे २५. एका सेकंदाला ६,९२५ आकडे. गुणिले ३२,४०० सेकंद. एका मुलाच्या एका रात्रीचे आकडे होतात २२ कोटी ४३ लाख ७० हजार. कर्बवायू आणि कॅमेऱ्याचं चित्रण यात धरलेलंच नाही. सेकंदाला एक या वेगाने हे आकडे कोणी वाचायला बसलं, न झोपता, न जेवता, तर सात वर्षांहून जास्त लागतील. सहा वर्षांचा मुलगा तोवर तेरा वर्षांचा झालेला असेल. टॉन्सिलही एव्हाना आपोआप आक्रसलेले असतील!

कॉम्प्युटर येण्याआधी हे सगळं कागदावर उमटायचं. सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने नऊ तासांचा कागद होतो ३२४ मीटर. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या थोडी वर आहे. आठ मुलांच्या आठ रात्रींचे कागद एकापुढे एक अंथरले तर अख्खी धावपट्टी झाकून थोडा कागद उरेल. आठ मुलं म्हणजे १९७६चा तो निबंध, बरोबर.

कागद गेला, पण त्याची पानं राहिली. ३० सेकंदांचं एक पान ही प्रथा आजही पडद्यावर चालते. नऊ तासांची १,०८० पानं. झोपेची अवस्था कुठली, श्वास अडला का, ऑक्सिजन घसरला का, झोप चाळवली का, हे प्रशिक्षित तंत्रज्ञ पानागणिक ठरवतो. मध्ये मुलाने हात हलवला, क्लिप निसटली, आईने पांघरूण घातलं, तर यंत्र काहीही दाखवतं, आणि ते ओळखून वगळायचं काम अजून माणसाचंच आहे.

ऑक्सिजनच्या आकड्यांपाशी मी जरा जास्त रेंगाळलो. प्रवासी विमान उंच गेलं की केबिनमधली हवा विरळ होते. जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी होऊ द्यायची, असा नियम आहे. ८,००० फूट म्हणजे जवळजवळ दीड कळसूबाई. एवढ्या विरळ हवेत निरोगी प्रवाशाच्या रक्तातला ऑक्सिजन चारेक टक्क्यांनी उतरतो, ९७ वरून ९३ च्या आसपास येतो. लोहगावहून उडालेल्या विमानातले प्रवासी ढगांवर पोचल्यावर याच पातळीवर असतात, आणि खाली विश्रांतवाडीत स्वतःच्या गादीवर झोपलेलं, गंभीर श्वासरोध असलेलं मूल त्यांच्याही खाली जाऊन येतं. ९०, ८५, काही मुलं ८०च्याही खाली. तेही एकदा नाही. ताशी दहा म्हटलं तर रात्रीत नव्वद वेळा उतरायचं आणि नव्वद वेळा चढायचं. पुष्कळ चढणींना मेंदूला ढोसून हलकं जागं करावं लागतं. सकाळी मुलाला यातलं काही आठवत नाही. दिवसभर तो पेंगतोच असं नाही. उलट चवताळल्यासारखा धावतो, चिडतो, वर्गात चुळबुळ करतो. शाळेतून चिठ्ठी येते की लक्ष देत नाही. मोठं माणूस झोपेविना मंदावतं, मूल मात्र उधळतं. आजारपणाला मस्ती समजलं जातं ते यामुळेच.

अशी मुलं किती? जगभरच्या पाहण्यांचा मथितार्थ असा की साधारण १ ते ५ टक्के मुलांना श्वासरोध असतो, आणि नेहमी घोरणारी मुलं दहा टक्क्यांच्या घरात. आता खरी छाती दडपते. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत शून्य ते सहा वयाची सुमारे ३ लाख ३७ हजार मुलं होती. त्यातली दहा टक्के घोरणारी म्हणजे ३३,७००. प्रत्येकाची एक रात्र. तपासणीची एक खाट वर्षाला ३०० रात्री चालते असं धरू. गणपती, दिवाळी, तंत्रज्ञाची रजा, बिघडलेला सेन्सर आणि सर्दी झाली म्हणून आयत्या वेळी न आलेलं मूल वजा करून हा आकडा उदारच आहे. ३३,७०० भागिले ३००. एकशे बारा वर्षं. म्हणजे २०११ साली मोजलेली मुलं त्याच साली तपासून संपवायची, तर त्या खाटेवर १८९९ पासून काम सुरू असायला हवं होतं. तेव्हा मेंदूचा आलेखही निघाला नव्हता, आणि पुण्याच्या तोंडी प्लेगखेरीज विषय नव्हता.

खाटा दहा केल्या तर अकरा वर्षं. रांगेत चार वर्षांचा असताना उभा राहिलेला मुलगा पंधराव्या वर्षी, दहावीच्या वर्गात, तारा लावून घेईल.

देशाचा आकडा घेऊ नये, पण घेतो. त्याच जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतची मुलं ३७ कोटी. एक टक्का म्हणजे ३७ लाख, पाच टक्के म्हणजे १ कोटी ८५ लाख. यातली डाउन सिंड्रोमची मुलं वेगळी काढू, कारण त्यांच्यात हा त्रास फारच जास्त आढळतो आणि अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की लक्षणं असोत-नसोत, चार वर्षांच्या आत या प्रत्येक मुलाची रात्रीची तपासणी करावी. भारतात दर वर्षी अशी २३,००० ते २९,००० बाळं जन्मतात असा अंदाज आहे. सगळी चौथ्या वर्षापर्यंत पोचतात असं धरलं, तर फक्त त्यांच्या एकेका रात्रीसाठी ७७ ते ९७ खाटा वर्षभर अडकून पडतील, बाकी एकाही मुलाला न घेता.

मग निदान घरी यंत्र देऊन तपासा की! मोठ्यांना देतात तसं. पण अमेरिकेच्या झोपवैद्यक संघटनेने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की मुलांच्या निदानासाठी घरची चाचणी सध्या वापरू नये. सहा सेकंदांची गोष्ट पकडायची आणि क्लिप काढून फेकणाऱ्या हातांवर भरवसा ठेवायचा, हे जमणारं नाही.

मधला एक मार्ग आहे. जपानचे ताकुओ आओयागी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तप्रवाह मोजत होते आणि नाडीचे ठोके त्यांच्या आलेखात सारखी लुडबुड करत होते. ती लुडबुड पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की तिच्यातच ऑक्सिजनची पातळी दडली आहे. १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरची कल्पना पुढे आली. कोविडच्या दोन वर्षांत हेच यंत्र पुण्यात घरोघरी पोचलं आणि आता सेल संपून ड्रॉवरमध्ये पडलंय. ते ड्रॉवरमधलं मात्र या कामाचं नाही. रात्रभर नोंदी साठवणारं, मुलाच्या बोटाला बसणारं आणि तीन सेकंदांहून जास्त काळाची सरासरी न काढणारं हवं. तसं असेल तर कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ३४९ मुलांवर २००० साली दिसलं की ऑक्सिमीटरने स्पष्ट दोष दाखवला, तर तो ९७ टक्के वेळा खरा निघतो. ऑक्सिजन तीन वेळा घोळक्याने घसरला आणि निदान तीनदा ९०च्या खाली गेला, की संशय राहत नाही. पण आलेख स्वच्छ आला म्हणजे मूल बरं, असं मात्र म्हणता येत नाही. कारण काही मुलांचा श्वास ऑक्सिजन न घसरताही अडतो, फक्त झोप मोडते. रांगेत कोणाला पुढे घ्यायचं ते ऑक्सिमीटर सांगतो. घरी कोणाला पाठवायचं ते नाही.

रांगेचं दुसरं एक कोडं आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांचे टॉन्सिल-अडेनॉइड काढले, निम्म्यांना नुसतं निरखलं. सात महिन्यांनी दोघांची पुन्हा रात्रीची तपासणी. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांचा आलेख नॉर्मल आला. आणि काहीच न केलेल्यांपैकी? ४६ टक्के. जवळजवळ निम्मी मुलं आपसूक सुटली. लक्ष एकवटण्याच्या मुख्य परीक्षेत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. वागणूक, झोप आणि एकूण जगणं मात्र शस्त्रक्रियेनंतर जास्त सुधारलं. फार गंभीर मुलं या चाचणीत घेतलीच नव्हती, हे विसरू नये. तेव्हा एकशे बारा वर्षांच्या रांगेतली बरीच मुलं रांगेतच बरी होतील हे खरं, फक्त ती कोणती, हे ओळखायला तीच तपासणी लागते.

त्याच २०१३ साली ६ फेब्रुवारीला आपल्या पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. अंगणवाडी आणि शाळेत पथकं जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. मूळ यादीत ३० अवस्था आहेत. डाउन सिंड्रोम आहे, कानाचा दाह आहे, शिकण्यातल्या अडचणी आहेत, अतिचंचलता आहे. झोपेतल्या श्वासरोधाचं नाव त्यात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांना २०१२ च्या मार्गदर्शनात सांगितलेलं पहिलंच काम हे आहे की प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना विचारा, मूल घोरतं का? चार सेकंदांचा प्रश्न. ३ लाख ३७ हजार मुलांसाठी विचारला तरी सगळा वेळ सोळा दिवसांत मावतो.

सकाळचे सहा. खोलीत दिवा लागतो. मुलगा उठून बसतो, डोक्याला हात लावतो आणि विचारतो, "हे कधी काढणार?" पट्टे सुटतात, क्लिप निघते, केसांत चिकटवायचा लेप मात्र राहतो; तो दोन-तीन आंघोळींचा पाहुणा. आई घड्या घालते, रिक्षा बघते. बाहेर आळंदी रस्ता जागा झालेला. आत तंत्रज्ञ चहाचा कप बाजूला सरकवतो आणि पडद्यावर १,०८० पैकी पहिलं पान उघडतो.